न विचारता काढलेला फोटो

तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, नाहीतर आता कॅमेरा हातात घ्यायचाही कंटाळा येतो. बाहत्तरच्या दुष्काळात नगरजवळ रस्त्याच्या सरकारी कामावर एक बाई मान खाली घालून खडी फोडत होती. तिला काही न विचारता मी तिचा फोटो काढला. तो पेपरात आला, खाली माझं नाव आलं आणि लोकांनी वाहवा केली.

चार दिवसांनी ती बाई आणि तिचा थोरला दीर माझ्या स्टुडिओत हजर झाले.

"आमचं बागायतदार घर हाय," दीर म्हणाला. "ही कामावर जाते, हे आमी कुणाला सांगितलं न्हवतं. हिच्या लेकीची सोयरीक ठरली हुती. पेपर बघून पाव्हणे फिरले. कुणाला इचारून काढला फोटो?"

मी घाबरलो. त्यांना बाकावर बसवलं आणि तसाच शेजारच्या वकिलांकडे गेलो.

"उघड्या रस्त्यावर काढलात ना?" वकील म्हणाले. "मग कायदा तुम्हाला काही करत नाही. निर्धास्त राहा."

परत येऊन मी त्यांना हेच सांगितलं. भांडायचंही त्राण दिरात उरलं नव्हतं. बाई मात्र उठली, तिनं पदर सारखा केला.

"वकिलाला इचारायला तुमी पळत गेलात," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तर तुमच्यापासून धा पावलांवर हुते."