बाईंच्या वाट्याचे मासे

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले अधीक्षक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर डॉक्टर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या दंतविभागाच्या डॉक्टरबाई, माझे सहकारी, आणि दात दुखत नसतानाही आज दवाखान्यात आलेले आमचे रुग्ण आणि त्यांची मुलं, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी विभागातली दंतसहाय्यक. बाई दात बघतात तेव्हा त्यांच्या हातात हत्यार देणारी. आमच्या घरात शाळेत गेलेली मीच पहिली, त्यामुळे भाषण कसं करतात हे घरी विचारायची सोय नव्हती. आईने एवढंच सांगितलं, "खरं ते बोल आणि लवकर खाली बस." पहिलं जमेल. दुसऱ्याबद्दल अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

बाईंच्या सेवेविषयी, शस्त्रक्रियांविषयी साहेब बोलले. मला बोलायचं आहे ते आमच्या प्रतीक्षागृहातल्या माशांविषयी. आपण हसताय, पण आजच्या कार्यक्रमाचा त्यांच्याशी जवळचा संबंध आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी ती काचेची टाकी पाहिली असेल. आत हिरवीगार झाडं, एका कोपऱ्यात शेवाळासारख्या पाणवनस्पतीचा दाट झुपका, आणि त्यातून फिरणारा बोटाच्या दोन पेरांएवढ्या निळ्या माशांचा थवा. त्यांना रेनबोफिश म्हणतात, म्हणजे इंद्रधनुषी मासे. नरांचे पंख लाल, माद्यांचे पिवळसर. दात काढायला घाबरणाऱ्या मुलाला बाई सांगायच्या, "मासे मोजून ठेव. मोजून झाले की आत ये, मग दात बघू." मूल खूश व्हायचं, कारण ते मासे एका जागी थांबतच नाहीत. मोजता मोजता मूल इतकं चिडायचं की भीती विसरून स्वतःच आत येऊन बाईंशी भांडायचं, "ते हलतायत!" बाई म्हणायच्या, "असं? मग तू तरी न हलता बस बघू."

हे मासे पहिल्यांदा आले तेव्हा मी इथे नव्हते. पण आमच्या कवळीवाल्या काकांनी, म्हणजे विभागात कवळ्या तयार करणाऱ्या काकांनी, ती गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की मला ते डोळ्यांसमोर दिसतं. पिशवीतले मासे राखाडी, मळकट. काका म्हणाले, "बाई, दुकानदाराने इंद्रधनुष्य स्वतःकडे ठेवलं आणि तुम्हाला नुसते ढग बांधून दिले." बाई म्हणाल्या, "आत्ताच घर बदललंय त्यांनी. तुम्ही घर बदललं तेव्हा कसे दिसत होतात, आठवा." काही आठवड्यांनी झाडं वाढली, मासे रुळले, आणि एका सकाळी दिवा लावला तर टाकीत निळा रंग पेटलेला.

बाईंच्या हातून चूक झालीच नाही असं मी म्हणणार नाही. आईने खरं बोलायला सांगितलं आहे, आणि ही गोष्ट बाई स्वतःच सगळ्यांना सांगतात. टाकीतलं पाणी गाळणाऱ्या यंत्रात एक स्पंज असतो. तो मळून तपकिरी झाला. आता आम्ही दंतविभागातली माणसं! मळलेली वस्तू दिसली की आमचा हात कुठे जातो? बाईंनी तो स्पंज हत्यारांबरोबर निर्जंतुक करायच्या यंत्रात टाकला. दाबाची वाफ, पूर्ण चक्र, सगळं नियमाने. नव्यासारखा स्वच्छ स्पंज परत बसवला आणि दोन दिवसांत टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं. मासे वर येऊन धापा टाकायला लागले. बाईंनी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "अहो डॉक्टरबाई, पाणी शुद्ध ठेवणारे जंतू त्या मळातच तर राहतात. तुम्ही सगळ्यांना उकडलंत!" काका शेजारीच उभे. म्हणाले, "बाई, स्पंज उकडून झाला. मासे कधी उकडताय?"

काही मासे गेले. बाकीच्यांना बाईंनी रोज थोडं थोडं पाणी बदलून वाचवलं. मी कामाला लागले तेव्हा जंतूंच्या धास्तीने दिवसभर हात धुवायचे. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "तू हात धुतेयस की सोलतेयस?" म्हणाल्या, आणि दातांविषयी एक अक्षर न सांगता ही स्पंजाची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाल्या, "हत्यारं उकळायची. बाकी सगळ्या जगाला उकळायला जायचं नाही." माझा स्वभाव त्यामुळे पूर्ण बदलला असं मी म्हणणार नाही. आजही मी सभागृहाचं दार बंद आहे ना, हे दोनदा पाहून आले. पण हातांची कातडी जागेवर आहे.

आता मूळ मुद्दा.

बाईंना निरोपाची भेट काय द्यायची, यावर आमची बैठक बसली. कोणी घड्याळ सुचवलं. स्वागतकक्षातल्या ताई म्हणाल्या, "निवृत्त माणसाला घड्याळ कशाला? चिडवायला?" मग काकांनी सुचवलं, "बाईंना मासेच देऊ." ताई म्हणाल्या, "आणि मुलं काय माझे दात मोजत बसणार?" तेव्हा तोडगा निघाला. निम्मे मासे बाईंना, निम्मे इथे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मासे पकडून छोट्या टाकीत घालायचं काम माझ्याकडे आलं.

मी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण जाळी काही हातात घेतली नाही. हे मासे थव्याने राहणारे. म्हणून मी बाईंना आडून विचारलं, "बाई, समजा एखाद्याने असा थवा निम्मा केला, तर?"

"कोण करतंय?"

"कोणी नाही. समजा."

"आधीच थवा लहान. निम्मा केला तर दोन्हीकडचे जगतील," बाई म्हणाल्या, "पण कोपरा धरून बसतील. रंग उतरेल. नर चमकतो तो दुसऱ्या नराला दाखवायला. बघणारं कोणी नसलं तर कशाला चमकायचं?" एवढं बोलून त्यांनी हातमोजे काढून टाकले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. नवे मोजे न घालताच तोंडात बघायला वाकल्या. इतक्या दिवसांत असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी मोज्यांची जोडी पुढे केली. त्यांनी ती घातली.

बाईंच्या घरी त्या एकट्याच असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. इथला गोंगाट सोडून त्या तिथे जाणार, आणि आम्ही सोबत म्हणून देणार कोपऱ्यात दडून बसलेले चार फिके मासे? निम्मे मासे देणं मला पटेना. आणि काहीच न देता त्यांना पाठवणंही पटेना.

त्याच काळजीत मी एका सकाळी जाळी घेऊन टाकीपाशी उभी होते. आत नर माद्यांमागे धावत होते, पुन्हा पुन्हा त्या दाट झुपक्यात शिरत होते. मी डोळे काचेला लावून पाहिलं. हिरव्या काड्यांमध्ये काचेच्या मण्यांसारखी अंडी चिकटली होती. ती रोजच होत असणार. पण मोठे मासे त्यांचा फडशा पाडतात, म्हणून टाकीत पिल्लू कधी दिसलं नाही. मी जाळी ठेवून दिली. झुपक्याचा तुकडा काढून वेगळ्या टाकीत, त्याच पाण्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी आणखी एक तुकडा. ही टाकी काकांच्या कवळ्यांच्या खोलीत लपवली.

काका म्हणाले, "म्हणजे आपण बाईंना समारंभपूर्वक शेवाळ द्यायचं?"

"काका, नीट बघा."

त्यांनी कवळीचे दात बसवताना वापरतात ते भिंग आणलं. बराच वेळ वाकून राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, या अंड्यात डोळे आहेत. हा माझ्याकडे बघतोय!" त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत मोठ्याने बोलायला बंदी आहे. आज टाकी इथे आणायचा मानही त्यांनी कोणाला दिलेला नाही.

काका, या आता. सावकाश. पायरी आहे. नाही, कोणी मदतीला जाऊ नका, ते रागावतात. टेबलावर ठेवा. हं.

बाई, हे तुमच्या वाट्याचे मासे. सगळी अंडी फुटतील अशी हमी मला देता येणार नाही. बरीच फुटतील असं वाटतं. तुमच्या घरी त्यांना खाणारे मोठे मासे नाहीत, त्यामुळे तुमचा थवा तिथेच, एकत्र वाढेल. कोणापासून तोडलेला नसेल. आधी ते फिकेच दिसतील, घाबरू नका. पिल्लांचं तोंड इतकं लहान असतं की अगदी पिठासारखं बारीक खाणं दिवसातून पुष्कळदा घालावं लागतं, आणि थोडं थोडं पाणीही बदलावं लागतं. म्हणजे बाई, साहेबांनी आज तुम्हाला निवृत्त केलं असलं तरी सध्या तुम्हाला सवड मिळेल असं दिसत नाही. आणि थवा टाकीत मावेनासा झाला, तर जास्तीचे मासे इकडे घेऊन या. मासे नसले तरी या. इथल्यांना मी उकडणार नाही.

अध्यक्षांनी मला हवा तेवढा वेळ दिला, सहकाऱ्यांनी ठरवलेली भेट मी बदलली तरी मला कोणी रागावलं नाही, आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. मोठ्यांसमोर बोलताना शब्द कमीजास्त झाला असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर मला लहान समजून पोटात घाला.

आणि एक विनंती. टाळ्या हळू वाजवा. अंड्यांतली पिल्लं झोपली आहेत की नाही मला माहीत नाही, पण काका फार काळजीत आहेत.