आजोबांची वीत

बिश्केकच्या मिनीबसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी आणि तिचे आजोबा.

"आजोबा, ग्राफिक्स कार्ड घेतलं! आता माझा गेमिंगचा कॉम्प्युटर पूर्ण!"

"लांबी मोजलीस ना, बेगिमाय?"

"हो, दुकानातच. बरोबर दोन विती."

"मेलो! घरी कॅबिनेट मोजलंय मी. आत जेमतेम दीड वीत जागा आहे."

"अहो, दुकानदार परत घेत नाही!"

"जन्मभर तंबूच्या काठ्या वितीनंच मोजल्या, टेपला हात लावला नाही. मी चुकायचो नाही."

"थांबा. वीत कुणाची?"

"माझी."

"मग हे धरा कार्ड. मोजा."

"एक... आणि अर्धीला बोटभर कमीच!"

"बसतंय! आजोबा, बसतंय!"

"हळू, ड्रायव्हर बघतोय. पुढच्या वेळी माझ्या वितीनं मोज."

"मग तुम्हाला न्यावं लागेल."

"तेच तर म्हणतोय."