केरबाच्या म्हशीचा लाडका

…आणि तुम्हाला सांगतो, म्हशीचा दोष नव्हताच! ती बिचारी तीन वर्षं सांगत होती, ऐकलं कुणी? आम्ही दूध पीत होतो! आमचा सम्राट जन्मापासून खोकायचा, ओला, घरघरता खोकला, दर दोन-चार महिन्यांनी न्यूमोनिया, मोठ्या माणसाएवढं जेवून अंग म्हणून धरेना, शी तेलकट… आणि आमची आई पदर खोचून म्हणायची, "पोरगं हाय, खोकणारच की!"

मग अंगी लागावं म्हणून मी त्याला रोज गंगावेशीत दूधकट्ट्यावर न्यायचो. समोर धार काढणार, हातात फेसाळता पेला. तिथं एवढी पोरं यायची, पण केरबाची म्हैस मान लांब करून चाटायची ती फक्त आमच्याला… मनगट, मान, कपाळ! केरबा म्हणायचा, "पावणं, दत्तक घेतलंय तिनं तुमचं पोरगं." आम्ही हसायचो. सम्राटही हसायचा, हसता हसता खोकायचा. पोरगं हाय, खोकणारच की.

सातव्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मुका घेतला की खारट लागतो का?" माझी बायको क्रांती माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं… दोघांनाही म्हैस आठवली. घाम तपासला. मीठच मीठ. सिस्टिक फायब्रोसिस, आईबापांकडून आलेला आजार. बाई म्हणाल्या, खोकला हटत नव्हता, वजन वाढत नव्हतं, तेव्हाच तपासायला हवं होतं, ह्याच्या धाकट्या बहिणीलाही आणा. तोवर ह्याची फुप्फुसं संपत आली होती. किल्ल्यासाठी माती आणून ठेवली होती त्यानं. दिवाळी काही बघितली नाही.

धाकटीला न्यायचा धीर होईना. गेल्या महिन्यात तीही, आमची प्रियदर्शनी, खोकायला लागली. मी आईकडं बघितलं. आईनं पदर खोचला नाही, तोंडाला लावला. पहिल्यांदाच!

आणि मी शहाणा काय करतो? पोरीला घेऊन आधी कट्ट्यावर! म्हशीनं तिचा हात हुंगला, तोंड फिरवलं. केरबाचा जीव भांड्यात पडला, "पास झाली की ओ!" म्हटलं, केरबा, ह्या म्हशीचं ऐकलं नाही ते एकदा चुकलं… आता हिचंच ऐकून घरी बसलो, तर माझ्याएवढा रेडा दुसरा नाही. उद्या पुण्याला निघालोय.

म्हैस मात्र आमच्या मागं, सम्राट यायचा त्या रस्त्याकडं बघत उभी. जनावर हाय… वाट बघणारच की.