पान उलटलं तरी

बुसानला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी दबक्या आवाजात म्हणाली, “ताई, काल तुझ्या सोल्बीने मला वाघाची गोष्ट वाचून दाखवली.”

“घडाघडा वाचते ना? आणि शाळेत श्रुतलेखनात शून्य! नुसता आळस.”

“माझ्या हातून चुकून दोन पानं एकदम उलटली. तरी ती मधल्या पानावरचंच वाचत राहिली.”

“म्हणजे?”

“तिला ती गोष्ट पाठ आहे गं. मी नवं पुस्तक दिलं, तर पहिल्याच ओळीला रडकुंडीला आली. म्हणाली, मावशी, अक्षरं जागेवर राहतच नाहीत.”

“दुसरीत आहे ती! मग रोज माझ्यासमोर वाचायची ते?”

“तू वाचायचीस ना, ते ऐकून ऐकून पाठ केलेलं.”

“मी परवाच मारलं तिला.”

“ठाऊक आहे. उद्या तपासायला नेऊ, मी येते बरोबर.”

बस आली. दोघीही जागच्या हलल्या नाहीत.

“आज ती पुस्तक घेऊन आली, तर काय सांगू गं?”

“सांग, आज आई वाचते, तू नुसती ऐक.”