गुडघा टेकणारा क्वार्टरबॅक

आमच्या कॉलेजनं अमेरिकन फुटबॉलचा सामना जिंकल्यावर स्टेडियमबाहेर पिएरोगीच्या, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांच्या, रांगेत माझ्यापुढे म्हातारे बहीणभाऊ भांडत होते.

"टचडाउनच्या विक्रमाला गोलरेषेपलीकडं एकच फेक कमी होती, बर्नी, एक! आणि तुझा लाडका क्वार्टरबॅक ब्रॉडी चेंडू घेऊन गुडघा टेकून बसला!"

"आपण पुढे होतो, स्टॅन," बहीण म्हणाली. " गुडघा टेकला की डाव तिथंच थांबतो, घड्याळ मात्र पळतं. सामना खिशात."

"अख्खं मैदान 'फेक, फेक' म्हणून बोंबलत होतं."

"सगळ्यात जास्त तू."

"चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या अंगात रग नको? व्यावसायिक संघांची माणसं पोरं निवडायला आली होती. त्यांना काय, गुडघे दाखवायचे?"

"आणि फेकलेला चेंडू समोरच्यांनी पकडला असता तर? त्याच्या वयात तुला होती एवढी अक्कल?"

"माझं सोड. असल्या पोराला घेणार कोण?"

"ज्यांना जिंकायचंय ते."

त्यांच्यापुढचा टोपीवाला कान देऊन ऐकत होता. तो वळला.

"मावशी, माझी जागा जरा धरता? आमच्या संघाच्या प्रशिक्षकांना फोन करायचाय."

"काय सांगणार त्यांना?"

"तुम्ही आत्ता म्हणालात तेच."

तो रांगेबाहेर पडला, तसा स्टॅन मागून ओरडला,

"साहेब, हेही सांगा, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो!"