धुरावरचा कर

मुरुडहून अलिबागला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक कोळीण आणि तिचा नवरा बसले होते. माझं बाळ मांडीवर नुकतंच झोपलं होतं, म्हणून मी हलतसुद्धा नव्हते.

“आज सायबाला सांगून टाका, शिकायला जातो म्हणून.”

“न्हाय जमायचं, सगुणा. कोळशाच्या भट्टीवर जन्म गेला माझा. आता या वयात इजेची भट्टी शिकू?”

“पण कंपनी जुनी भट्टी बंद करतेय ना?”

“व्हय. आपलं पोलाद युरोपात जातं. बनवताना धूर जास्त, तर तिथं कर जास्त. त्यांनी सोता शंभर वर्सं धूर केला, आन् आता आपल्याला शिकवतात!”

“खरं हाय. पण आपल्या सुक्या जवळ्यात रेती लागते म्हणून मुंबईचे व्यापारी भाव पाडायचे, तवा मी काय केलं?”

“भांडलीस. आख्ख्या बाजारानं ऐकलं.”

“आन् घरी येऊन वाळूवर जाळी अंथरली, मग जवळा सुकत घातला.”

“रेतीचं सोपं हाय गो. धुराला जाळी कुठून आणू?”

“तेच शिकवतायत ना तिथं! खरं सांगा, भिताय कशाला?”

“वर्गात सगळी आपल्या लेकाच्या, मितेशच्या वयाची पोरं. चुकलो तर हसतील.”

“हसू द्या. आपल्या हळदीत तुमी नाचलात, तवा सगळा कोळीवाडा हसला. मी केलंच ना लग्न?”

त्यानं पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“कंपनीच्या गेटपर्यंत येशील?”

“येईन. पुढं तुमी बोलायचं.”