निरोप परत बोलून दाखवताना

दौंड स्थानकाच्या प्रतीक्षागृहात पोथी मिटून बसलेल्या आप्पांच्या कानी शेजारच्या बापलेकींचा संवाद पडला.

“मोबाइल कंपनीची नोकरी सोडून पेशींचं संशोधन? सुफिया, तू इंजिनेर हायेस का डाक्टर?”

“इंजिनिअरच, अब्बा. अम्मीच्या शुगरमध्ये इन्सुलिनचा निरोप पेशीपर्यंत पोचतो, पण ती ऐकत नाही. त्या निरोपात खरखर कुठं होते, ते फोनच्याच गणितानं कॉम्प्युटरवर शोधायचंय.”

“सापडंल?”

“आशा आहे. पण तुम्ही नको म्हणालात, तर बंगळूरला जाणार नाही.”

“आमच्या सिग्नल केबिनात निरोप परत बोलून दाखवल्याबिगर गाडी सुटत न्हाई. ऐक. ह्या सुभानची सुफिया, संशोधनाला, बंगळूरला. बरोबर?”

“बरोबर, अब्बा.”

“मग लाइन क्लिअर. अम्मीला मात्र तूच सांग. माझा निरोप पोचतो, पण ती ऐकत न्हाई.”